कच्च्या टाक्याचा बिल्ला

मी एक जुनी बॅग आहे. मूळचा रंग निळा होता असे म्हणतात. आता तो पावसाळ्यातल्या पायपुसण्यासारखा दिसतो, आणि मला त्याचे काही वाटत नाही. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंनी गोड बोलावे अशी रीत आहे. पण माझ्या मनात एक राग आहे आणि तो सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. पंधरा वर्षे मी एका बास्केटबॉल खेळाडूच्या खांद्यावरून फिरले. दहा संघांचे बिल्ले माझ्या पोटावर लागले. आणि त्या पंधरा वर्षांत मला कोणी एकदाही तळापर्यंत रिकामी केले नाही. वरवर उपसायचे, दोन सदरे काढायचे, ओला टॉवेल कोंबायचा आणि पुन्हा चेन ओढायची. माझ्या तळाशी काय आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, पण मला तोंड असले तरी जीभ नाही.

मला एका तंबू शिवणाऱ्या मामाने शिवले. त्याचा भाचा एकोणीस वर्षांचा होता आणि त्याला पहिल्यांदाच एका संघाने पगारावर घेतले होते. भाचा इतका उंच, की कुठल्याही दारातून आत येताना आधीच मान वाकवायचा, दार उंच असले तरी. मामा म्हणाला, "बाजारातल्या बॅगेत याचा एक बूट बसेल. दुसरा काय हातात धरून न्यायचा?" म्हणून त्याने तंबूच्या उरलेल्या जाड कापडातून मला शिवले, चारचौघींपेक्षा वीतभर लांब. तळाला आकार राहावा म्हणून पातळ फळी घातली. फळी बसवण्याआधी त्याने तिच्याखाली मेण लावलेल्या दोऱ्याचे एक रीळ ठेवले आणि त्यात तंबूची जाड सुई खोचली.

"फळीखाली बघ कधीतरी," मामा भाच्याला म्हणाला. "लागेल."

भाचा बूट भरत होता. "हो हो," तो म्हणाला.

मित्रांनो, "हो हो" म्हणणारा माणूस ऐकत नसतो, हे मी त्याच दिवशी शिकले.

पहिल्या संघाचा बिल्ला मामानेच शिवला. हातभर दोरा घेऊन, चारी कडांना दुहेरी टीप मारून. दात लावून दोरा तोडला आणि म्हणाला, "हा निघायचा नाही."

सात महिन्यांनी संघच बंद पडला. ज्या हॉलमध्ये ते खेळत तो हॉल विकला गेला आणि तिथे फर्निचरचे दुकान आले. खेळाडू एका दुपारी ब्लेड घेऊन बसला आणि मामाची टीप उसवत राहिला. टीप काही केल्या सुटेना. शेवटी त्याने ओढली, आणि बिल्ल्याबरोबर माझ्या कापडाचे चार धागेही गेले. मामा तोवर राहिला नव्हता, ते एक बरेच झाले.

त्यानंतर दुसरा संघ आला, मग तिसरा, मग चौथा. हे बिल्ले त्याने स्वतःच शिवले, वेड्यावाकड्या टाक्यांनी, जिभेचे टोक दातात धरून. आणि दर वेळी, बरोबर त्याच जागी. तुम्ही विचाराल, एवढे संघ का बदलले? तो वाईट खेळत होता का? मुळीच नाही. त्याचे दुखणे वेगळे होते. तो कामाला येणारा माणूस होता, आणि कामाला येणाऱ्या माणसाचा फोटो कोणी काढत नाही. संघाचे पाच जण मैदानात असतात आणि बाकीचे बाकावर. कोणाच्या पायात गोळा आला, कोणी दमला, की प्रशिक्षक मागे न बघताच हात हलवत. तो हात याच्यासाठी असे. हा उठायचा, चार मिनिटे समोरच्या धिप्पाड गड्याला अडवायचा, बरगडीत कोपर खायचा आणि परत येऊन बसायचा. सोबत्यांनी त्याचे नाव टेकू ठेवले. भिंत कलली की टेकू लावतात. भिंत सरळ झाली की तोच टेकू अडगळीत टाकतात. हंगाम संपला की प्रत्येक व्यवस्थापक त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "तुझ्यासारखी माणसं मिळत नाहीत हो." आणि मग त्याच्याशिवाय संघ उभा करायचा.

त्याचा एक नेम होता. सगळ्यांच्या आधी हॉलमध्ये यायचे, मला रेषेबाहेर भिंतीला टेकवायचे, आणि फ्री थ्रोच्या रेषेवरून पन्नास चेंडू जाळीत टाकायचे. चुकलेला मोजायचा नाही. पन्नास झाल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. अंगात कणकण असली, आदल्या दिवशी हार झाली असली, करार संपून शेवटचा आठवडा उरला असला, तरी पन्नास म्हणजे पन्नास. मी भिंतीशी बसून मोजत असे. नेम पाळणाऱ्याला देव लगेच काही देत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण त्याचा हात मात्र थरथरू देत नाही.

खोल्या भाड्याच्या असत आणि पलंग आखूड. मग तो पायथ्याशी एक खुर्ची ओढायचा, खुर्चीवर मला ठेवायचा आणि माझ्यावर पोटऱ्या टाकून झोपायचा. मला तळापर्यंत रिकामी न करण्याचे खरे कारण हे. मी रिकामी झाले असते तर त्याचे पाय कशावर राहिले असते? बाकी कोणाची बॅग कपाटात जाते, मी मात्र निम्मा पलंग झाले. कधी कधी त्याच्या टाचेचा भार सोसताना वाटे, जरा फळी तरी उचलून बघ रे बाबा. पण तो घोरत असे.

चौथा संघ सुटता सुटता त्याचे लग्न झाले. बायको कपड्यांची दुरुस्ती करणारी होती. फाटलेले सांधणे, सैल झालेले आवळणे, उसवलेले शिवणे. कुठल्याही गावात गेले तरी आठवडाभरात तिला अशा एखाद्या दुकानात काम मिळे, कारण माणसे सगळीकडेच जाड होतात आणि बारीक होतात. पाचव्या संघाचा बिल्ला लावताना तिने मला उजेडात धरले.

"अहो, हे काय कापड राहिलंय? चाळण झालीय नुसती."

"मग आता?"

"आता यापुढे कच्चा टाका. धावता. एक टोक ओढलं की दोरा हातात. काढताना तुम्हाला त्रास नको, आणि हिलाही नको."

"म्हणजे जायच्या आधीच निघायची तयारी."

"तुमचं सामान सुटलंय कधी, सांगा बरं," ती म्हणाली. दोघेही हसले. मला हसू आले नाही. कच्च्या टाक्याचा बिल्ला म्हणजे दारात चप्पल न काढता बसलेला पाहुणा. त्याच्या कडा वळतात, त्यात धूळ जाते, आणि आपण कोणाचे आहोत हे धड सांगताही येत नाही.

पण तिचा विचार मायेचा होता, हे मी कबूल करते. पाचवा, सहावा, सातवा, आठवा, नववा, असे सगळे बिल्ले तिने धावत्या टाक्याने लावले आणि एका ओढीत काढले. घरात एक बोलणेच होऊन गेले, "आधी बघू." पडदे लावायचे का? आधी बघू. कुंडी घ्यायची का? आधी बघू. त्यांना मुलगी झाली. एवढ्या उंच बापाची पोर वर्गात सगळ्यांत बुटकी निघाली, म्हणून तिला घरात ठेंगू म्हणत. आठ वर्षांची होईपर्यंत तिची तिसरी शाळा सुरू होती. ही ठेंगू वह्यांवर नाव लिहायची ते पेन्सिलीने. एकदा आई रागावली तर ती शांतपणे म्हणाली, "बाई पण म्हणतात शाईने लिही. मी सांगितलं त्यांना, आमच्याकडे आधी बघतात."

आईच्या मशीनचे पायडल बराच वेळ फिरले नाही.

दहाव्या संघात तो आला तेव्हा चौतिसाव्यात होता. गुडघे जिना उतरताना बोलायला लागले होते. इथल्या प्रशिक्षकांना सगळे मास्तर म्हणत, कारण पूर्वी ते शाळेत कवायत शिकवायचे. बोलणे मोजके. सामान सांभाळणारा एक व्यवस्थापक होता, त्याचे नाव मोजदाद पडले होते; टॉवेल, चेंडू, बाटल्या, बॅगा, जे दिसेल ते तो दोनदा मोजायचा. हंगाम संपायला सव्वा महिना उरला असताना मास्तरांनी टेकूला बाजूला घेतले.

"जुन्याजाणत्या खेळाडूंपैकी एकालाच दोन वर्षांचा करार देणार आहेत," ते म्हणाले. "मी तुझं नाव धरून आहे. दुसरं नाव आपल्या संघातल्या डावखुऱ्याचं आहे. बघू."

दोन वर्षे. मित्रांनो, आजवर त्याच्या कुठल्याच करारात वर्ष हा शब्द अनेकवचनात आला नव्हता. घरी येऊन त्याने सांगितले तेव्हा बायको एका कोटाची बाही लावत होती. तिने सुई तशीच धरून ठेवली.

"दोन वर्षं? इथंच?"

"इथंच. याच घरात. ठेंगूची शाळाही हीच."

तिने माझ्याकडे पाहिले. "मग पक्की टीप मारू का आज? मशीन मोकळंच आहे."

माझ्या पोटावरच्या बिल्ल्याची वळलेली कड त्याने अंगठ्याने सपाट केली. त्या अंगठ्याचा दाब मला अजून आठवतो. मार म्हण, मी मनात म्हणत होते. एकदा तरी मार म्हण.

"सही होऊ दे," तो म्हणाला. "आधीच मारली आणि नाही झालं, तर परत ब्लेड घेऊन कोण बसणार?"

"बरं," ती म्हणाली. "आधी बघू."

इथे घात झाला. वाईट कोणी वागले नाही, खोटे कोणी बोलले नाही. दोन भल्या माणसांनी एकमेकांना निराशेपासून जपण्यासाठी जे केले, तेच मुळावर आले.

त्याच आठवड्यात ड्रेसिंग रूममध्ये त्याला त्याच्या सातव्या संघाचा फोन आला. येतोस का, म्हणून विचारत होते. याने भिडस्त माणसासारखे उत्तर दिले, "बघतो, पण आत्ता तरी नाही." त्याच्या मनात नकार होता, पण तोंडातून निघाले ते हे. शेजारी मोजदाद टॉवेल मोजत होता.

पुढच्या रविवारी दुसऱ्या गावी सामना होता. बसच्या पोटात सामान लावताना चेंडूंच्या जाळीचा आकडा माझ्या बिल्ल्याच्या वळलेल्या कडेत अडकला. मोजदादने जाळी ओढली, आणि सर्रकन आवाज करत अख्खा बिल्ला दोऱ्यासकट त्याच्या हातात आला. तो माणूस दुष्ट नव्हता. पण जे मोजायला सापडते ते मोजल्याशिवाय त्याला राहवत नसे. बिल्ला निघाल्यावर खाली माझे उघडे कापड दिसले, त्यावर सुईच्या भोकांच्या ओळी, एकीत एक गुंतलेल्या.

"मास्तर, जरा बघा," तो म्हणाला. "एका ओढीत निघाला. बाकी सगळ्यांचे मशीनवर मारलेत. याचा नुसता टाचलेला."

मास्तर वाकले. त्यांनी माझ्या भोकांवरून बोट फिरवले. "किती झाले?"

"नऊ तरी. हा दहावा. आणि परवा फोनवर कोणाला तरी बघतो म्हणत होता."

मास्तरांनी बिल्ला खिशात टाकला आणि ते बसमध्ये चढले. मी त्या अंधाऱ्या पोकळीत दोन तास चेंडूंच्या खाली पडून होते. त्या दिवशी मला जीभ हवी होती. सांगितले असते की अहो मास्तर, ही भोके याने पाडलेली नाहीत. दर वेळी याला काढले गेले. हा आपण होऊन एकदाही गेलेला नाही. पण माझी चेन नेहमीप्रमाणे अर्ध्यावर अडकली होती, आणि अडकलेली चेन काही सांगत नाही.

चार दिवसांनी मास्तरांनी त्याला आपल्या खोलीत बोलावले. मी त्याच्या पायाशी होते; बिल्ला प्रवासात कुठेतरी गळला असेच तो समजत होता. डावखुऱ्याच्या करारावर आदल्या दिवशीच सही झाली होती.

"खेळात तू कमी नव्हतास," मास्तर म्हणाले. "पारडी समसमान होती."

"मग?"

मास्तरांनी बिल्ला टेबलावर ठेवला. "मला राहणारा माणूस निवडायचा होता. तुझी निघायची तयारी दिसली."

त्याने बिल्ल्याकडे पाहिले. मग म्हणाला, "मला विचारायचं होतंत, मास्तर."

"तू सांगायचं होतंस."

"काय सांगायचं होतं? की पुन्हा पुन्हा उसवून कापडाची चाळण झाली, म्हणून बायको आता हलक्या हाताने लावते? नऊ संघांपैकी एकही मी सोडलेला नाही. मला सोडलंय."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे मला ठाऊक असतं तर," ते म्हणाले, आणि थांबले. "पण आता सही झालीय."

"झालीय ना."

"तीन आठवडे उरलेत हंगामाचे. बिल्ला लावायचा तर लाव. नाही लावलास तरी मी काही म्हणणार नाही."

मला वाटले, हा बिल्ला तिथेच भिरकावून देईल. दिला असता तर मला आनंदच झाला असता. पण त्याने तो उचलला, सदऱ्याच्या खिशात ठेवला, मला खांद्यावर घेतले आणि सरळ बायकोच्या दुकानात गेला. दुपारची वेळ होती. ठेंगू शाळा सुटल्यावर काउंटरच्या मागे खाली बसून गृहपाठ करत होती. त्याने सगळे सांगितले, एकही गोष्ट न गाळता, आवाज न चढवता. तेच मला जास्त लागले.

"माझाच हात," बायको म्हणाली.

"सांगणारा मी होतो."

"सांगणारे तुम्ही, पण शिवणारी मीच ना. कच्चा टाका कच्चाच दिसणार. रोज दुसऱ्यांना हेच सांगते मी, आणि घरच्या वस्तूला..." तिने पदराने नाही, मापाच्या फितीने डोळे पुसले, हाताशी तेच होते.

काउंटरखालून ठेंगूचा आवाज आला. "मग मी शाळेचं नाव खोडू का?"

तिच्या एका हातात वही होती आणि दुसऱ्यात खोडरबर. ती रडत नव्हती. तिला सवय होती.

तो खाली वाकला, गुडघे कुरकुरले, त्याने तिच्या हातातून खोडरबर घेतले. मग बिल्ला काउंटरवर ठेवून बायकोला म्हणाला, "हा पक्का शिव."

"आता? तीन आठवड्यांसाठी?"

"तीन आठवडे तर तीन आठवडे. मी आहे ना इथं तोवर."

तिने माझी चेन पूर्ण उघडली, अडकली तिथे साबण घासून. मग एकेक वस्तू बाहेर काढली: सदरे, पट्ट्या, मलमाची नळी, हरवला म्हणून दोन वर्षे शोधलेला मोजा. "आतून अस्तराचा तुकडा लावते आधी," ती म्हणाली, "म्हणजे टाक्याला धरायला काहीतरी राहील. हे पहिल्यांदाच करायला हवं होतं." पण मशीनच्या पायाखाली मी सपाट बसेना. तळाची फळी आडवी येत होती. तिने कात्रीचे टोक घालून फळी उचलली.

पंधरा वर्षांनी माझ्या तळाला उजेड लागला.

रीळ तसेच होते. मेण जरा पिवळे पडले होते, सुईला गंज नव्हता. तिने ते तळहातावर घेतले. "हे कोणाचं?"

तो काउंटरशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसला, गुडघे कानाला लागतील असा. "मामाचं. म्हणाला होता, फळीखाली बघ."

"कधी?"

"पंधरा वर्षं झाली."

"आणि तुम्ही?"

"मी हो हो म्हटलं."

बायकोने त्याच्याकडे पाहिले, रिळाकडे पाहिले, आणि तिला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आले. तोही हसला, पण उशिरा, आणि थोडेच. मला मात्र एवढा संताप कधी आला नव्हता. एवढी वर्षे तुम्ही माझ्यावर पाय ठेवून झोपलात, आणि जे लागणार होते ते तुमच्या टाचेखाली होते.

तिने मशीन बाजूला सारले. अस्तर लावले, आणि मामाच्या दोऱ्याने, मामाच्या सुईने हातानेच बिल्ला शिवला. चारी कडा, दुहेरी. जाड सुई माझ्या जुन्या भोकांतूनच जात होती, पण या वेळी दोरा त्यांत गच्च बसत होता. ठेंगू हनुवटी काउंटरला टेकवून बघत होती. शेवटची गाठ झाल्यावर तिने आईचे हिशेबाचे पेन मागितले आणि वहीवरचे पेन्सिलीचे नाव शाईने गिरवले. शाळेचेही. तीन आठवडे उरले आहेत हे तिला कोणी सांगितले नव्हते असे नाही.

ते तीन आठवडे त्याने रोजचे पन्नास चुकवले नाहीत. शेवटच्या सामन्यात मास्तरांनी त्याला नेहमीपेक्षा जास्त खेळवले, अकरा मिनिटे. कोणाला वाटेल ही भरपाई होती. मी तसे मानत नाही. अकरा मिनिटे म्हणजे दोन वर्षे नव्हेत, आणि मास्तरांनाही ते कळत होते, म्हणून त्यांनी निरोप घेताना पाठीवर थाप मारली नाही. नुसते माझ्या बिल्ल्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

आता आम्ही अकराव्या गावी आहोत. करार एका वर्षाचा. खोली लहान, पलंग आखूडच. पहिल्या दिवशी इथल्या सामान सांभाळणाऱ्याने मला फिरवून पाहिले आणि म्हणाला, "हा जुना काढून टाका, आपला लावायचाय."

"तो निघायचा नाही," टेकू म्हणाला. "आपला शेजारी लावा."

"अहो, काढला की निघतो."

"निघेल. पण काढायचा नाही."

शेजारी नवा बिल्ला लागला आहे, त्याच दोऱ्याने, तितकाच पक्का. रीळ अजून बरेच शिल्लक आहे. बायकोने ते पुन्हा फळीखाली ठेवले, पण या वेळी तिघांच्याही देखत.

मित्रांनो, माझा राग गेलेला नाही. त्या दोन वर्षांचा मला अजून हेवा वाटतो, आणि डावखुऱ्याची बॅग कुठल्या कपाटात निवांत बसली असेल असे मनात येते. पण तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, तिच्याबद्दल एवढेच मागते. वरवर उपसून ठेवू नका. महिन्यातून एकदा तिला तळापर्यंत रिकामी करा, उन्हात उलटी करा, फळी असेल तर फळी उचला. देणारा काय ठेवून गेला आहे ते बघा. त्याने बोलून दाखवले असेल, आणि तुम्ही बूट भरत असाल. आणि कुठे काही शिवायचे झाले, तर मुक्काम किती दिवसांचा आहे हे आधी विचारू नका. टाका पक्का घाला.

बाहेर सकाळ झाली आहे. तो उठला, माझ्यावरचे पाय खाली घेतले. चला, पन्नास मोजायचे आहेत.